पार्ट चांगला, पण कपलिंग तुटलेलं : कर्करोगाच्या पेशीतील डीएनएची दुरुस्ती

परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलची लाइट जाणं हा प्रकार कुणाला नवा नाही. दोन मिनिटं सगळ्या मजल्यांवरून आरडाओरडा होतो, मग खाली जनरेटर घरघरायला लागतो आणि आपण पुन्हा पुस्तकात डोकं घालतो. आता यात तीन शक्यता आहेत. मेन सप्लाय गेला पण जनरेटर ठीक आहे, तर काम चालतं. जनरेटर बिघडलाय पण मेन सप्लाय चालू आहे, तरीही काम चालतं. उलट जनरेटर बंद पडलाय हे कुणाला कळतसुद्धा नाही. पण जनरेटर बिघडलेला असताना मेन सप्लाय गेला, की मात्र सगळा अंधार!

ही तिसरी शक्यता नीट लक्षात ठेवा. कारण कर्करोगावरच्या औषधांचा एक अख्खा वर्ग याच तत्त्वावर उभा आहे. काही कर्करोगाच्या पेशींचा ‘जनरेटर’ आधीच बिघडलेला असतो. औषध फक्त त्यांचा ‘मेन सप्लाय’ तोडतं. शेजारच्या निरोगी पेशींचा जनरेटर चालू असल्यामुळे त्या तग धरतात.

आता तुम्ही म्हणाल, हा बायोलॉजीचा विषय इंजिनिअरिंगच्या मॅगझिनमध्ये कशाला? आपल्यातल्या निम्म्या लोकांनी तर अकरावीतच बायो सोडून इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतलेलं. पण खरं सांगायचं तर हा विषय आपलाच आहे. यात फॉल्ट आहे, बॅकअप आहे, आणि मेंटेनन्सच्या माणसाला रोज भेटणारा एक प्रश्न आहे : बिघाड पार्टमध्ये आहे की दोन पार्टच्या जोडामध्ये? पेशीतल्या डीएनए दुरुस्तीकडे पाहिलं, तर कितीतरी वेळा प्रत्येक पार्ट जागेवर धडधाकट असतो, फक्त एक जोड सुटलेला असतो. तेवढ्याने कर्करोगाला वाट मिळते.

मूळ ड्रॉइंग आणि त्याची रोजची झीज

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए गुंडाळून ठेवलेला असतो. ते केंद्रक असतं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. या डीएनएवर चार अक्षरांच्या लिपीत सुमारे ३०० कोटी अक्षरांची एक प्रत आईकडून आलेली असते आणि तेवढीच एक वडिलांकडून. पेशीत जी जी प्रथिनं बनतात, त्यांचं मूळ ड्रॉइंग म्हणजे हा डीएनए. ड्रॉइंगमध्ये चूक राहिली की पुढचा प्रत्येक जॉब चुकीचा निघणार, हे वर्कशॉपमध्ये घाम गाळलेल्यांना वेगळं सांगायला नको.

पूर्वी असा समज होता की डीएनए हा फार टिकाऊ पदार्थ असावा. स्वीडनमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ टोमास लिंडाल यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं, की शरीराच्या तापमानाला नुसत्या पाण्यात राहूनही डीएनए हळूहळू विस्कटत जातो. एका पेशीत रोज दहा हजारांच्या घरात अक्षरं आपोआप गळून पडतात. त्यात ऊन, धूर, क्ष-किरण आणि पेशीच्या स्वतःच्या श्वसनातून तयार होणारी विघातक रसायनं यांची भर पडते. एवढी पडझड होऊनही आपण जगतो, याचा अर्थ कुणीतरी चोवीस तास दुरुस्ती करत बसलंय. ही दुरुस्ती कशी चालते हे शोधून काढल्याबद्दल लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार या तिघांना २०१५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

सेलोटेप आणि जर्नल

डीएनए म्हणजे पीळ दिलेल्या दोन दोऱ्या. त्यातली एकच दोरी तुटली, तर प्रकरण सोपं असतं. समोरची दोरी शाबूत असते, तिच्यावर पाहून तुटलेली जोडता येते. खरी पंचाईत होते ती दोन्ही दोऱ्या एकाच ठिकाणी तुटल्या की. मग गुणसूत्राचे सरळ दोन तुकडेच होतात.

अशा दुहेरी तुटीवर पेशीकडे मुख्यतः दोन उपाय आहेत. पहिला उपाय सेलोटेपचा. दोन टोकं पकडायची, जमवायची आणि चिकटवून टाकायची. हे झटपट होतं, पण जोडावर चार-दोन अक्षरं गाळली किंवा वाढली जाऊ शकतात. तुकडे जास्त असतील तर भलतंच टोक भलत्याला जोडलं जाण्याचीही भीती.

दुसरा उपाय जर्नल उतरवण्याचा. आपल्या जर्नलचं पान फाटलं तर आपण काय करतो? रूम पार्टनरचं जर्नल मागतो, तेच पान शोधतो आणि जसंच्या तसं उतरवून काढतो. पेशीही तेच करते. विभाजनाआधी पेशी डीएनएची दुसरी प्रत बनवते. ती प्रत शेजारी असेपर्यंत तुटलेला भाग तिच्यावरून अचूक उतरवता येतो. या पद्धतीला ‘होमोलॉगस रिकॉम्बिनेशन’ म्हणतात. आपण तिला ‘प्रतीवरून दुरुस्ती’ म्हणू. यात वेळ लागतो, माणसं जास्त लागतात, पण काम पक्कं होतं.

आपला ‘जनरेटर’ म्हणजे हीच प्रतीवरून दुरुस्ती.

एका दुरुस्तीची कहाणी

समजा, दोन्ही दोऱ्या तुटल्या. पुढे काय होतं ते क्रमाने पाहू.

सगळ्यात आधी ‘एमआरएन’ नावाची तीन प्रथिनांची तुकडी तुटलेल्या टोकांवर पोहोचते. ती ‘एटीएम’ या प्रथिनाला जागं करते (आपल्या पैसे काढायच्या एटीएमशी याचा काही संबंध नाही!). एटीएम आजूबाजूचा डीएनए ज्यांच्यावर गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर फॉस्फेटच्या खुणा करत सुटतं. त्या खुणा लाखो अक्षरांच्या टापूत पसरतात. थोडक्यात, अपघाताच्या जागी लाल झेंडे लागतात. ते पाहून बाकीची प्रथिनं तिथे जमा होतात.

मग तिथे एक ओढाताण सुरू होते. ‘५३बीपी-१’ नावाचं प्रथिन टोकांना झाकून ठेवायला बघतं, म्हणजे सेलोटेपवाल्यांना काम करता यावं. ‘बीआरसीए-१’ त्याला बाजूला सारायला बघतं, कारण प्रतीवरून उतरवायचं तर टोकाची एक दोरी थोडी कुरतडून दुसरी उघडी करावी लागते. शेजारी दुसरी प्रत तयार असेल तर बीआरसीए-१ ची बाजू वरचढ ठरते.

उघड्या पडलेल्या दोरीवर लगेच ‘आरपीए’ हे प्रथिन बसतं. ते तिला गुंता होण्यापासून वाचवतं. पण पान शोधून काढणं हे आरपीएचं काम नव्हे. ते काम ‘रॅड-५१’ चं. रॅड-५१ चे रेणू एकापुढे एक दोरीवर बसत जातात, दर ३ अक्षरांमागे एक, आणि त्यांची लांब साखळी बनते. हीच साखळी शेजारच्या प्रतीत घुसून जुळणारा मजकूर शोधते.

आता प्रश्न असा, की आरपीएने घट्ट धरून ठेवलेल्या जागेवर रॅड-५१ ला बसवणार कोण? इथे आपल्या लेखातली मुख्य साखळी येते. बीआरसीए-१ धरतं ‘पाल्ब-२’ ला, पाल्ब-२ धरतं ‘बीआरसीए-२’ ला आणि बीआरसीए-२ धरून आणतं रॅड-५१ ला. चार प्रथिनं, मध्ये तीन जोड. यातला कुठलाही एक जोड सुटला, की साखळीच्या टोकाचं रॅड-५१ जागेवर नीट पोहोचत नाही.

शेजाऱ्यावरून ओळख

या साखळीचा शोध कसा लागला तेही सांगण्यासारखं आहे. काही घराण्यांमध्ये स्तनाचा आणि बीजांडकोशाचा कर्करोग पिढ्यान् पिढ्या येतो, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. अमेरिकेतल्या मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली दाखवलं की यातल्या बऱ्याच घराण्यांमधला दोष १७ व्या गुणसूत्रावर आहे. ते जनुक म्हणजे बीआरसीए-१. ते १९९४ मध्ये हाती लागलं. पुढच्याच वर्षी १३ व्या गुणसूत्रावरचं बीआरसीए-२ सापडलं.

जनुकं सापडली खरी, पण त्यांची प्रथिनं करतात काय, हे कळेना. बीआरसीए-२ तर ३४१८ अमिनो आम्लांचं अवाढव्य प्रथिन, आणि ओळखीच्या कुठल्या प्रथिनासारखं दिसेना. कोडं सुटायला लागलं ते १९९७ मध्ये. त्या वर्षी प्रयोगांतून दिसलं की बीआरसीए-२ हे रॅड-५१ ला धरून असतं. रॅड-५१ काय करतं हे शास्त्रज्ञांना यीस्टच्या अभ्यासातून आधीच माहीत होतं. म्हणजे नवख्या मुलाची ओळख त्याच्या रूम पार्टनरवरून पटावी, तसं झालं! हा डीएनए दुरुस्तीचा माणूस आहे, हे त्याच्या संगतीवरून कळलं.

हा जोड नेमका असतो कसा? बीआरसीए-२ च्या मधल्या भागात साधारण सारखा दिसणारा एक छोटा पट्टा आठ वेळा येतो. त्याला ‘बीआरसी पट्टा’ म्हणतात. केंब्रिजमध्ये अशोक वेंकिटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये यातला चौथा पट्टा रॅड-५१ ला धरून बसलेला असतानाची रचना क्ष-किरणांच्या मदतीने उलगडली. पट्ट्यावर चार अमिनो आम्लं ओळीने असतात : फेनिलअ‍ॅलानिन, हिस्टिडिन, थ्रिओनिन, अ‍ॅलानिन. त्यातलं पहिलं आणि शेवटचं रॅड-५१ च्या अंगावरच्या दोन खोबणींत जाऊन बसतं. प्लग आणि सॉकेट म्हणा ना!

गंमत पुढेच आहे. यातली हिस्टिडिन सोडून बाकीची तीन अमिनो आम्लं, याच क्रमाने, रॅड-५१ च्या स्वतःच्या अंगावरही असतात. रॅड-५१ चा एक रेणू दुसऱ्याला जोडला जातो तो याच प्लगने. म्हणजे बीआरसीए-२ ने रॅड-५१ च्याच प्लगची नक्कल केली आहे. त्यामुळे बीआरसीए-२ रॅड-५१ च्या रेणूंना सुटं सुटं धरून ठेवू शकतं, नको तिथे साखळी बनू देत नाही आणि योग्य जागी नेऊन उघड्या दोरीवर बसवतं. हे अवाढव्य प्रथिन शुद्ध स्वरूपात मिळवून त्याचं काम परीक्षानळीत प्रत्यक्ष पाहायला मात्र २०१० साल उजाडलं.

एक अमिनो आम्ल, पूर्ण जोड

जोड तुटणं म्हणजे किती मोठी मोडतोड, असं वाटेल. तर तसं नाही. पाल्ब-२ हे ११८६ अमिनो आम्लांचं प्रथिन. त्याची सुरुवातीची थोडी लांबी मळसूत्रासारखी वळलेली असते आणि बीआरसीए-१ च्या तशाच भागाशी पीळ घालून बसते. या भागात ३५ व्या जागी ल्युसिन असतं. एका घराण्यात तिथे ल्युसिनऐवजी प्रोलिन आलेलं आढळलं. प्रोलिनची ठेवणच अशी की ते मळसूत्र मोडतं. बाकीची ११८५ अमिनो आम्लं ठीक, बीआरसीए-१ ठीक, बीआरसीए-२ ठीक, रॅड-५१ ठीक. पण पाल्ब-२ आणि बीआरसीए-१ यांची पकड सुटली आणि प्रतीवरून दुरुस्ती बंद पडली. पार्ट चांगला, पण कपलिंग तुटलेलं, ते हे असं.

दुसरं उदाहरण ‘कॅपन-१’ या पेशींचं. स्वादुपिंडाच्या कर्करोगापासून वाढवलेल्या या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. यांच्या बीआरसीए-२ जनुकात एक अक्षर गळालेलं आहे. डीएनएची अक्षरं तीन-तीनच्या गटांनी वाचली जातात. एक अक्षर गेलं की पुढचे सगळे गट सरकतात. कम्युनिकेशन शिकलेल्यांनी फ्रेम सिंक गेल्यावर पुढचा सगळा डेटा कचरा कसा होतो ते आठवावं. परिणामी या पेशींमधलं बीआरसीए-२ अर्ध्याहून थोडं पुढे जाऊन संपतं. रॅड-५१ ला धरणारे बहुतेक पट्टे त्यात शाबूत आहेत! पण डीएनएला धरणारा भाग आणि केंद्रकात शिरायचा परवाना, दोन्ही पुढच्या तुकड्यावर होते. त्यामुळे हे प्रथिन रॅड-५१ ला धरू शकत असूनही केंद्रकाच्या बाहेरच राहतं. माल तयार, पण गेटपास नाही.

जनरेटर बिघडतो कसा

बीआरसीएचा दोष जन्मतःच घेऊन आलेल्या माणसाच्या प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक प्रत खराब असते. दुसरी चांगली असते, तेवढ्यावर काम भागतं. पण आयुष्यात कधीतरी एखाद्या पेशीतली ती चांगली प्रतही हरवते. त्या एका पेशीत प्रतीवरून दुरुस्ती थांबते, सगळी भिस्त सेलोटेपवर येते, चुका साठत जातात आणि त्यातून कर्करोग उभा राहू शकतो. म्हणूनच असा दोष असलेल्या स्त्रियांमध्ये ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास असते. अर्थात स्तनाच्या सगळ्या कर्करोगांत असे वारशाने आलेले फक्त ५ ते १० टक्के, हेही ध्यानात ठेवायला हवं.

यातला महत्त्वाचा मुद्दा असा : रुग्णाच्या बाकीच्या पेशींत एक चांगली प्रत शिल्लक आहे, म्हणजे त्यांचा जनरेटर चालू आहे. गाठीतल्या पेशींचा मात्र बंद आहे. रोगी पेशी आणि निरोगी पेशी यांत एवढा स्पष्ट फरक मिळणं ही डॉक्टरांच्या दृष्टीने मोठीच गोष्ट.

मेन सप्लाय तोडा!

आता मेन सप्लायकडे वळू. एकाच दोरीच्या तुटीची दुरुस्ती ‘पार्प-१’ हे प्रथिन सुरू करून देतं. ते तुटीवर जाऊन बसतं आणि साखरेच्या रेणूंची एक शेपटी विणतं. त्या शेपटीला धरून ‘एक्सआरसीसी-१’ येतं. ते स्वतः काही जोडत नाही. पण जोडारी, भराव करणारे, टोकं साफ करणारे अशा सगळ्यांना एका जागी धरून ठेवतं. म्हणजे इथेही सगळा खेळ जोडांचाच. काम झालं की ती शेपटी पार्पला तुटीवरून सोडवायलाही मदत करते.

पार्पला औषधाने बंद केलं तर? शेपटी विणली जात नाही, मदतनीस येत नाहीत आणि पार्प तुटीवरच अडकून बसतं. रस्त्याच्या मधोमध बंद पडलेल्या ट्रकसारखं! मग पेशी डीएनएची प्रत काढायला निघाली की प्रत काढणारं यंत्र त्या ट्रकवर आदळतं आणि एकेरी तुटीची दुहेरी तूट होते. निरोगी पेशी ती प्रतीवरून दुरुस्त करते आणि पुढे जाते. बीआरसीए नसलेल्या पेशीला ते जमत नाही. ती भलतीसलती टोकं जोडत सुटते, गुणसूत्रांचा चिवडा होतो आणि शेवटी पेशी मरते.

एप्रिल २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन ब्रिटिश गटांनी ही गोष्ट स्वतंत्रपणे दाखवली. त्यातून ‘ओलापरिब’ हे औषध पुढे आलं आणि डिसेंबर २०१४ मध्ये त्याला अमेरिकेत आणि युरोपात पहिली मंजुरी मिळाली. २०१८ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. बीजांडकोशाचा पुढच्या टप्प्यातला कर्करोग आणि बीआरसीएचा दोष असलेल्या, केमोथेरपीला प्रतिसाद दिलेल्या स्त्रियांना त्यानंतर ओलापरिब दिलं गेलं. तीन वर्षांनी पाहिलं तर औषध घेणाऱ्यांपैकी ६० टक्के स्त्रियांचा आजार पुन्हा वाढलेला नव्हता. नुसती औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण २७ टक्के होतं. सात वर्षांनी ६७ टक्के स्त्रिया हयात होत्या, तर दुसऱ्या गटात ४६.५ टक्के. या आकड्यांमागे कुणाची तरी आई, मावशी, बहीण आहे, हे विसरून चालणार नाही.

अर्थात हे औषध म्हणजे जादूची कांडी नव्हे. मळमळ, थकवा, रक्त कमी होणं हे त्रास होतात. क्वचित रक्ताचे गंभीर विकारही उद्भवतात.

औषध थकतं, कारण जोड परत बसतो

एवढं चांगलं औषध, मग काही रुग्णांत ते काही काळाने काम करेनासं का होतं? उत्तर पुन्हा जोडांमध्येच आहे.

कॅपन-१ पेशी आठवा. पार्पविरोधी औषधात बुडवून ठेवल्यावरही यातल्या थोड्या पेशी जिवंत राहिल्या. २००८ मध्ये त्या तपासल्या तेव्हा दिसलं, की त्यांच्या बीआरसीए-२ जनुकातून आणखी एक तुकडा गळून गेलाय आणि त्यामुळे तीन-तीनचे गट पुन्हा जुळलेत. फ्रेम सिंक परत आला! मधला बराच भाग गायब झाला, पण शेवटचा भाग, म्हणजे डीएनएची पकड आणि गेटपास, परत मिळाला. आखूड झालेलं ते प्रथिन कामाला लागलं आणि औषध निकामी झालं. मधला मोठा तुकडा नसला तरी चालतो, दोन्ही बाजूंचे जोड मात्र हवेत, हे निसर्गानेच करून दाखवलं.

दुसरी पळवाट आणखी चतुर आहे. बीआरसीए-१ नसलेल्या पेशीत ५३बीपी-१ ला हटवणारं कुणी नसतं, म्हणून टोकं झाकलेली राहतात. पण अशा पेशीने ५३बीपी-१ सुद्धा गमावलं तर? झाकणच गेलं! टोकं उघडी पडतात, रॅड-५१ पुन्हा बसू लागतं आणि औषधाचा परिणाम ओसरतो. हे २०१० मध्ये उघड झालं. ५३बीपी-१ च्या हाताखाली झाकायचं काम करणारा ‘शील्डिन’ नावाचा प्रथिनांचा गट २०१८ मध्ये सापडला. तो गमावूनही तोच परिणाम होतो.

इथे एक प्रश्न व्हायवाला विचारण्यासारखा आहे. हीच पळवाट बीआरसीए-२ नसलेल्या पेशीला उपयोगी पडेल का? विचार करा. टोकं उघडी झाली तरी रॅड-५१ ला धरून आणणारा हातच नाही. म्हणून उत्तर : नाही. साखळीत बिघाड कुठे आहे यावर सुटकेचा मार्ग ठरतो. सर्किट समजल्याशिवाय फॉल्ट शोधू नये, हा आपल्या लॅबमधला नियम इथेही तितकाच खरा.

आणि आशेची बाजूही आहे. उंदरांमधल्या गाठींवरच्या प्रयोगांत २०१९ मध्ये दिसलं, की बीआरसीए-१ नसलेल्या ज्या पेशींनी ५३बीपी-१ ची बाजू गमावून औषधाला चुकवलं, त्या किरणोत्साराने अधिक सहज मरतात. कारण झाकण काढून टाकताना त्यांनी आपला सेलोटेपही कमकुवत करून घेतलेला असतो. म्हणजे एक दार उघडताना दुसरं बंद झालं. माणसांच्या उपचारांत याचा किती उपयोग होतो, हा पुढच्या कामाचा भाग आहे.

मग थेट जोडावरच औषध का नाही?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर लेख लिहिल्याचं सार्थक झालं. बहुतेक औषधं प्रथिनाच्या एखाद्या खोल खोबणीत जाऊन बसतात. पार्पला तशी खोबणी आहे. पण दोन प्रथिनं एकमेकांना चिकटतात ती पुष्कळदा सपाट आणि पसरट पृष्ठभागांनी. दोन गुळगुळीत फरश्यांच्या मध्ये छोटी पाचर कुठे ठोकणार? म्हणून अशा जोडांना बरीच वर्षं ‘औषध न चालणारी जागा’ मानलं गेलं.

बीआरसीए-२ आणि रॅड-५१ यांचा जोड मात्र त्या दोन खोबणींमुळे थोडा वेगळा आहे. तिथे बसून जोड सोडवतील असे छोटे रेणू प्रयोगशाळांत बनवले गेले आहेत. तसं औषध साधलं, तर ज्या गाठींचा जनरेटर चालू आहे, त्यांचाही तो मुद्दाम बंद करता येईल. पण मग निरोगी पेशींचं काय, हा प्रश्न उरतोच. निरोगी पेशीलाही तोच जोड लागतो. म्हणून मात्रा किती, कधी आणि कशाच्या जोडीला, हे सगळं ठरवावं लागेल.

आपल्याला काय त्याचं?

असा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी शेवटचे दोन मुद्दे.

पहिला रिपोर्टचा. बीआरसीएची तपासणी रक्तावरून होते आणि ती आपल्याकडेही उपलब्ध आहे. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ संस्थेत वारशाने येणाऱ्या कर्करोगांवर काम चालतं. पण कधीकधी रिपोर्टमध्ये ‘बदल आढळला, अर्थ अनिश्चित’ असं येतं. एखादं अक्षर बदललंय, पण ते घातक की निरुपद्रवी हे माहीत नाही. त्या घरातल्या माणसांनी काय करायचं? अशा वेळी शास्त्रज्ञ ते बदललेलं प्रथिन बनवून पाहतात : अजून जोडीदाराला धरतंय का? दुरुस्ती होतेय का? पाल्ब-२ मधल्या त्या एका प्रोलिनचा निवाडा असाच झाला. म्हणजे जोडांचा हा अभ्यास नुसता पेपर छापण्यापुरता नाही. कुणाच्या तरी हातातल्या रिपोर्टचा अर्थ त्यावर ठरतो. आणि प्रथिनांची रचना शोधणारी यंत्रं, त्यांचे जोड गणिताने मांडणारे प्रोग्रॅम, हजारो नमुने तपासणारी ऑटोमेशनची साधनं बनवायला इंजिनिअरच लागतात.

दुसरा मुद्दा घरचा. बीआरसीएचा दोष मुलाला किंवा मुलीला मिळण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी असते, आणि तो आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. ‘हा बायकांचा आजार’ असं म्हणून बरेच जण वडिलांकडच्या आत्या-आजीचा विषयच काढत नाहीत. शिवाय बीआरसीए-२ चा दोष असलेल्या पुरुषांनाही प्रोस्टेटच्या, स्वादुपिंडाच्या आणि क्वचित स्तनाच्याही कर्करोगाचा धोका वाढतो.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल, तेव्हा आजीजवळ बसून एकदा विचारा : आपल्या घरात कुणाला असा आजार झाला होता का, कितव्या वर्षी, आईच्या बाजूने की बाबांच्या? एका कागदावर लिहून ठेवा. लहान वयात आणि एकापेक्षा जास्त जणांना झाला असेल, तर घाबरून न जाता तो कागद डॉक्टरांना दाखवा. जनरेटर बिघडलाय हे मेन सप्लाय चालू असताना कुणाच्या लक्षात येत नाही, हे आपण सुरुवातीलाच पाहिलं. ते आधी कळलं, तर दुरुस्तीवाल्याला बोलवायला वेळ मिळतो.